बाई, गाणं सावकाश सांगा

आमच्या बँडचं नाव इथे लिहिता येणार नाही. ते छापण्यासारखं नव्हतंच. पोस्टर काढायचो तेव्हा मधल्या दोन अक्षरांवर फुल्या माराव्या लागायच्या, आणि तरीही बोईसरच्या एका झेरॉक्सवाल्याने "ताई, दुकानात गणपतीचा फोटो आहे हो" म्हणत कागद परत दिला होता. गिटारवाल्याने त्याच्याशी वाद घातला. मी त्याच्याहून मोठ्या आवाजात घातला. शेवटी आम्ही पोस्टर हाताने लिहिली, आणि आमची अक्षरं बघून लोकांना वाटलं, कुठेतरी डोळे तपासणीचं शिबिर आहे.

हार्डकोअर पंक म्हणजे काय, हे मी आजवर इतक्या जणांना समजावलंय की आता चीड येते. एकदाच सांगते. गाणं मिनिटभराच्या आत संपतं. वेग असा की ऐकणाऱ्याला दम लागावा. गाणारा गात नाही, ओरडतो, आणि जे ओरडतो ते राजकारण असतं. चंद्र, चांदणं, सजणी यांना प्रवेश नाही. आमच्या गाण्यांत ठेकेदार होते, नळाला न येणारं पाणी होतं, रात्रपाळीत मशीनमध्ये हात गेलेला मजूर होता, आणि सगळ्यांत जास्त होती ती खाडी. तारापूरच्या कारखान्यांचं पाणी जिथे जाऊन मिळतं ती.

मी ड्रम वाजवायचे. माझे वडील खानदेशातून इकडे वीजकेंद्रात नोकरीला आले, मी कॉलनीत वाढले आणि लहानपणापासून रागीट म्हणून प्रसिद्ध होते. राग आला की स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे. आई एकदा वैतागून म्हणाली, "आपटायचंच असेल तर काहीतरी रीतसर आपट." वडिलांनी ते मनावर घेतलं आणि कॉलनीच्या क्लबात धूळ खात पडलेला ड्रमसेट साहेबांना सांगून माझ्यासाठी मोकळा करून घेतला. आता स्वभाव तापट आणि हातात काठ्या. आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला. आज मी बोईसरला दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते आणि मुलं माझ्यापुढे चिडीचूप बसतात, त्याचं श्रेय त्या ड्रमसेटला आहे.

आमची गायिका मला पालघरच्या कॉलेजात भेटली. ती खाडीकाठच्या मासेमारांच्या गावातली. दरवर्षी गॅदरिंगला तिला धरून कोळीनृत्यात घालायचे. कारण काय, तर "तुमच्यातलंच आहे ना ते." पुठ्ठ्याचं वल्हं, थर्माकोलची होडी, डोक्यावर पाटी आणि पाटीत क्रेप कागदाचे मासे. शेवटच्या वर्षी ती नाच मध्येच सोडून पुढे आली, पाटीतले कागदी मासे पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या पुढ्यात ओतले आणि माईकवर म्हणाली, "घ्या. आमच्या खाडीत आता हेच गावतात." त्यानंतर ती जे ओरडली ते कुणाला कळलं नाही, कारण साउंडवाल्याने घाबरून माईक बंद केला होता. तरी तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता. मी त्याच भिंतीला टेकून उभी होते. मी तेव्हाच तिच्या प्रेमात पडले असं म्हटलं तरी चालेल. मैत्रीला मराठीत याहून जोरदार शब्द मला सापडलेला नाही.

तो आवाज तिने कुठल्या क्लासला जाऊन कमावलेला नव्हता, आईकडून आला होता. तिची आई बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. गिऱ्हाईक नाक मुरडून पुढे गेलं की मावशी त्याला ज्या आवाजात परत बोलवायची, तो मी स्वतः ऐकलाय. शिव्या नाहीत, काही नाही, नुसतं "ओ भाऊ!" आणि भाऊ मुकाट्याने परत यायचा.

बाकीचे दोघं आम्हाला हळूहळू मिळाले. गिटारवाला बोईसरच्या चाळीतला, वडील कापडाच्या कारखान्यात, गाव उत्तर प्रदेशात. घरी भोजपुरी, रस्त्यावर हिंदी, आमच्याशी मराठी, आणि गिटारची तार तुटली की तिन्ही एकदम. बेसवाला पालघरच्या पूर्वेला डोंगरातल्या पाड्यावरचा, वारली, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. सरकारी नोकर असल्यामुळे तो कार्यक्रमात तोंडाला रुमाल बांधून वाजवायचा. पण पाय जरा फेंगडे टाकत चालायची त्याची सवय सगळ्या तालुक्याला ठाऊक होती, त्यामुळे रुमाल बांधलेला असताना लोक खालून "गुरुजी, जोरात!" म्हणायचे.

सरावाला जागा मिळाली ती गायिकेच्या गावातल्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात. मासळी कमी झाली तसा बर्फ कुणाला लागेना, म्हणून गावच्या सोसायटीने तो बंद केला होता. बर्फ टिकावा म्हणून भिंती हातभर जाड, पोटात भाताचा तूस भरलेला. दार एवढं जड की दोघांनी ढकलावं लागायचं. आत आम्ही कितीही बडवलं तरी बाहेर फक्त धपधप ऐकू जायची. ती ऐकून दोन म्हातारे एकदा दारात येऊन उभे राहिले. "मशीन चालू झाली काय रं? बरफ कवा मिलंल?" त्यांना "नाही आजोबा, आम्ही आहोत" असं सांगताना जेवढं वाईट वाटलं तेवढं त्यानंतर कुठल्याही प्रेक्षकासमोर वाटलं नाही.

आमचा पहिला जाहीर कार्यक्रम कॉलनीच्या गणेशोत्सवात झाला. वडिलांच्या शब्दावर मिळाला होता, वडिलांच्याच डोळ्यांदेखत दीड गाण्यात संपला. पहिल्या गाण्याला पुढची लहान मुलं आनंदाने एकमेकांना ढकलू लागली. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर कार्यकारिणीने पडदा ओढला. पडद्यामागे आम्ही ते गाणं पूर्ण केलं, हे मी अभिमानाने सांगते.

त्या दिवशी मावशी आली होती. चांगली नऊवारी नेसून, गजरा माळून, मुलीचा कार्यक्रम म्हणून. पडदा पडल्यावर मी खाली आले तर ती खुर्चीवर तशीच बसलेली. मुलीशी ती काही बोलली नाही, मला जवळ बोलावलं. "पोरी, तिच्या गल्याच्या शिरा बगितल्या काय तू?" मी म्हटलं, मावशी, हे गाणंच तसं असतं. ती म्हणाली, "गानं मला नाय समजलं. एक शब्द नाय समजला. पन एवडं काय दुखतं गो तिला? घरात काय कमी केलं मी?" मी तिला प्रसादाचा शिरा आणून दिला. तो तिने पदराला बांधून घरी नेला.

त्यानंतर मावशी आमच्या एकाही कार्यक्रमाला आली नाही. सरावाच्या दिवशी ती बर्फाच्या कारखान्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आणून ठेवायची, आमच्या बेसवाल्याला "मास्तर, तुमी लई बारीक हाव" म्हणून जास्तीची वाढायची, गिटारवाला मासे खात नाही म्हणून त्याला वेगळं लोणचं आणायची. पण गिटारचा पहिला स्वर लागला की भांडं उचलून चालू पडायची. दारातून बाहेर पडताना मुलीकडे बघायची नाही. मुलगीही तिच्याकडे बघायची नाही. आम्ही तिघं मात्र दोघींकडे बघत राहायचो.

यात खरी गोम अशी होती की आमचं सगळ्यांत चांगलं गाणं मावशीवर होतं. त्याचं नाव 'पाटी'. गायिका लहान असताना एकदा खाडीत मासे मेले होते, त्या दिवशी मावशीचं बाजारात काय झालं, एवढंच त्यात होतं. गायिकेने ते आम्हाला दाखवलं तेव्हा गिटारवाला बराच वेळ तारा पुसत बसला होता. आम्ही त्याला चाल लावली आणि आमच्या स्वभावाप्रमाणे ते इतकं जलद केलं की चाळीस सेकंदांत उरकायचं. जितकं जलद तितकं कडवं, असा आमचा सिद्धांत. गायिकेच्या तोंडून त्यातला एकही शब्द धड बाहेर पडायचा नाही. ड्रमवर बसून मला ते तोंडपाठ होतं म्हणून कळायचं, बाकी कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता.

गायिकेला दुसरं काही नको होतं. मुंबई नको, रेकॉर्ड नको, नाव नको. आईने ते एक गाणं ऐकावं, एवढंच हवं होतं. प्रत्येक कार्यक्रमाआधी ती विचारायची, "आय येनार हाय काय?" जसं काही आई तिच्या घरी राहत नव्हती, माझ्या घरी राहत होती. मी एकदा चिडून म्हटलं, "अगं बये, घरी बसून चार ओळी वाचून दाखव ना! जेवताना सांग! हातच्या कांकणाला आरसा कशाला?" ती म्हणाली, "घरात नाय सांगता येत. त्या दिवसाचा विषय काडला की ती उठून भांडी घासायला जाते. घासलेली भांडी परत घासते. मी कितीदा बगितलंय." मग म्हणाली, "आनि गानं काय समजावून सांगायचं असतं? ऐकायचं असतं." हट्टी. दोघीही हट्टी. खाण तशी माती.

आमची कारकीर्द म्हणावी अशी चीज तशीच चालू राहिली. केळव्याच्या एका रिसॉर्टवाल्याने आम्हाला शनिवारी बोलावलं, मुंबईच्या पाहुण्यांना लाइव्ह म्युझिक हवं म्हणून. पाहुण्यांनी जुन्या सिनेमाची फर्माईश केली. आम्ही गावाच्या विहिरी आटवणाऱ्या पोहण्याच्या तलावावरचं गाणं वाजवलं. मालकाने आम्हाला सुपारीच्या वाडीतून मागच्या वाटेने बाहेर काढलं, पण वाटेत प्रत्येकाच्या हातात एकेक शहाळं दिलं, कारण त्याची स्वतःची विहीरही आटली होती. मोर्च्यांत आम्ही छोट्या टेम्पोवर वाजवायचो. ड्रम जाळ्याच्या नायलॉन दोरीने करकचून बांधलेले, आणि ती गाठ फक्त गायिकेच्या बापाला सोडवता यायची, म्हणून प्रत्येक मोर्च्याला तोही. त्याची एवढीच भूमिका होती आणि ती त्याने एकदाही चुकवली नाही.

बेसवाल्याच्या पाड्यावर झालेला कार्यक्रम मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिथे तारपा वाजतो तेव्हा लोक एकमेकांना धरून वाजवणाऱ्याभोवती फेर धरतात, आणि नाच तासन्‌तास चालतो. आम्ही अंगणात उभे राहिलो, त्यांनी रीतीप्रमाणे आमच्याभोवती फेर धरला, पावलं जुळवायला सुरुवात केली, आणि गाणं संपलं. फेर अर्धा उभा. एक आजी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ह्ये काय? चालू होयाच्या आदीच मेला काय तुमचा गाना?" मग आम्ही तेच गाणं पुन्हा वाजवलं, मग पुन्हा, मग न थांबता पुन्हा पुन्हा, माझे हात भरून आले तरी. बेसवाला रुमाल काढून वाजवत होता आणि हसत होता. त्याला इतके दात आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं.

मुंबईला एकदा वाजवलं. तिथल्या मुलांना सगळं फार आवडलं. त्यांना खाडी कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, पण आमचा राग अस्सल आहे असं ते म्हणाले. मला असा राग आला की विचारू नका, आणि तोही अस्सलच होता.

आता खरी गोष्ट.

रंगासाठी रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीला उत्पादन वाढवायचं होतं. नाव घेत नाही, तिच्या वकिलांना कामं कमी नाहीत. उत्पादन वाढणार म्हणजे खाडीकडे जाणारं पाणीही वाढणार, म्हणून नियमाप्रमाणे जनसुनावणी ठेवली होती. जनसुनावणी म्हणजे सरकारी अधिकारी मांडवात बसतात, आजूबाजूच्या गावातलं कुणीही उठून नाव-गाव सांगून आपली हरकत मांडतं, आणि जे बोललं जाईल ते लिहून घेतलं जातं. ही माहिती आम्हाला बेसवाल्याने, म्हणजे आमच्या गुरुजींनी, दिली. वर म्हणाला, "जे बोललं ते लिवायलाच लागतं त्यांना. मंग गानं पन लिवायला लागंल." वर्षभरात त्याने बोललेलं हे बहुधा सगळ्यांत लांब वाक्य. गिटारवाल्याने त्याला मिठी मारली. 'पाटी' म्हणायचं ठरलं. गायिका तेवढी गप्प झाली, कारण सुनावणीला गावातल्या सगळ्या बायका जाणार होत्या. बायका टेम्पो करून जाणार म्हणजे मावशीही जाणार. आमच्यासाठी नव्हे, खाडीसाठी.

औद्योगिक वसाहतीतल्या मोकळ्या प्लॉटवर मांडव होता. एका बाजूला कंपनीने आणलेले कामगार, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या टोप्या. दुसऱ्या बाजूला आमची गावं. बायका पुढे, आणि त्यांच्या मधोमध मावशी, हातात पिशवी, नजर समोर. आम्ही मागे उभे. बंदोबस्तावरच्या पोलिसांनी अँप्लिफायर बाहेर ठेवायला लावला, ड्रम टेम्पोवरून उतरूच दिले नाहीत. मी हुज्जत घातली. इन्स्पेक्टर म्हणाले, "मॅडम, हरकत नोंदवा, पण हातात काठ्या कशाला?" काठ्या तेवढ्या मी सोडल्या नाहीत. मांडवाच्या कोपऱ्यात निळं प्लास्टिकचं पिंप रिकामं पडलं होतं. तारापूरमध्ये कुठेही हात लांब केला की निळं पिंप लागतं, घरोघरी त्यातच पाणी भरतात. मी ते उलटं केलं आणि एक टोला मारून बघितला. माझ्या सेटमधल्या मोठ्या ड्रमपेक्षा आवाज बरा होता.

आमची पाळी आली. गायिकेने नाव सांगितलं, गाव सांगितलं, बाईंची हरकत काय असं विचारल्यावर म्हणाली, "ही." आणि आम्ही सुटलो. गिटारला आवाज नाही, बेसला आवाज नाही, फक्त माझं पिंप आणि तिचा गळा. इतकं चांगलं आम्ही कधीच वाजवलं नव्हतं. चाळीस सेकंदांनी थांबलो तेव्हा मांडवाच्या कनातीवर बसलेले कावळे उडून गेले होते.

टोपीवाले हसले. आमच्याकडचे काही टाळ्या वाजवायच्या बेतात होते. मधोमध बसलेल्या मोठ्या साहेबांनी मात्र चेहरा हलवला नाही. वयस्क माणूस, सकाळपासून ऐकून ऐकून थकलेला. त्यांनी शेजारी लॅपटॉपवर टाइप करणाऱ्या कारकुनाकडे पाहिलं. "घेतलं का?"

"नाही साहेब," कारकून म्हणाला. "एक शब्दसुद्धा नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुमची हरकत नोंदवणं माझं काम आहे. माझ्यासमोर आलेला एकही माणूस नोंद झाल्याशिवाय परत गेलेला नाही. गाणं सावकाश सांगा. एकेक ओळ. हे लिहून घेतील."

मला वाटलं ती भांडेल. पोलिसांशी भांडलेली, कॉलेजशी भांडलेली मुलगी. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला. माईक तिच्या समोर, आणि माईकच्या पलीकडे तीन हातांवर तिची आई. ती माझ्याकडे वळली. मी काठीने हळूच पिंपाला एक टिचकी दिली, नेहमी गाणं सुरू करायच्या आधी देते तशी. दुसरं काय देणार?

"खाडी लाल झाली," ती म्हणाली. नुसतं म्हणाली. इतक्या वर्षांत तिचा तो आवाज मी माईकवर कधी ऐकला नव्हता, घरात बोलते तो.

"खाडी लाल झाली," कारकून टाइप करत कचेरीतल्या सुरात मोठ्याने म्हणाला. "पुढे?"

"बोईटा उलटी होऊन तरंगली."

"बोईटा म्हणजे मासे ना? बरं. उलटी होऊन तरंगली. पुढे?"

"होती तेवडी ताजी बगून माझी आय बोईसरला गेली. पाटी डोक्यावर."

"पाटी डोक्यावर. पुढे?"

टोप्यांचं हसणं थांबलं होतं. त्यांतले अर्धे बोईसरच्या चाळीत राहणारे, रविवारी मासळी घेणारे. मावशीची मान वर झाली होती. पिशवीचे बंद तिने मुठीत धरले होते.

"गिऱ्हाइकानं मासली घरी नेली. वास मारला म्हनून परत आनली. सगल्या बाजारासमोर तिच्या पाटीत फेकली."

कारकुनाची बोटं जरा मंदावली. "पाटीत फेकली. पुढे?"

"तुमचा रंग आमच्या पाटीत. तुमचा रंग आमच्या भातात." ती थांबली. मला पुढची ओळ माहीत होती, तीच ओळ ती सगळ्यांत जोरात ओरडायची, गळ्याच्या शिरा फुगवून, दोनदा. आता एकदाच म्हणाली, आणि अगदी हळू. "माझी आय रडली नाय."

"आई रडली नाही," कारकून म्हणाला.

"नाही नव्हे. नाय लिवा. आय लिवा."

साहेबांनी मान हलवली, कारकुनाने दुरुस्ती केली. "माझी आय रडली नाय. झालं?"

"झालं," गायिका म्हणाली, आणि माईकपासून बाजूला झाली. ती आमच्यात येऊन उभी राहिली. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. आम्ही वर्षानुवर्षं ते गाणं दात-ओठ खाऊन वाजवत होतो आणि आमच्या लक्षात आलं नव्हतं की ते एवढं छोटं आणि एवढं साधं आहे. ज्या बाईला ऐकवायचं होतं तिच्यापासून ते आम्हीच वेगात लपवून ठेवलं होतं. मी हातातल्या काठ्या पिंपावर ठेवून दिल्या. मला राग आला नव्हता, हे मुद्दाम सांगते.

कारकून पुढचं नाव पुकारणार तेवढ्यात मावशी उठली. पिशवी शेजारणीच्या मांडीवर ठेवली, पदर खोचला आणि पुढे आली. माईक तिच्या उंचीला जास्त होता, एक शिपाई तो खाली करायला धावला. तिने हातानेच नको म्हटलं. तिला माईक लागत नाही.

तिने नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग म्हणाली, "आत्ता बोलली ती माझी पोर हाय."

"बरं," साहेब म्हणाले. "तुमची हरकत काय?"

"माझी हरकत तिच्यावर हाय."

मांडवात थोडं हसू पिकलं. मावशी हसली नाही. "तिनं सगलं बरोबर सांगितलं. खाडी बरोबर, बोईटा बरोबर, बाजार बरोबर. शेवटाला चुकली. मी रडले नाय म्हनते. मी रडले."

कारकुनाची बोटं थांबली.

"मासली उकिरड्यावर टाकली. पाटीला वास म्हनून रिक्षावाल्यानं घेतलं नाय. मंग चालत आले, बोईसरपासून गावापरेंत. अख्ख्या रस्त्यान रडत आले. घर दिसायला लागलं तवा बावीवर तोंड धुतलं आनि मंगच आत गेले. म्हनून तिला नाय दिसलं. ल्हान होती ती." तिने कारकुनाच्या लॅपटॉपकडे बोट केलं. "ते पन लिवा."

साहेबांनी मान हलवली. कारकुनाने लिहिलं. मग त्याने पडद्यावर वर जाऊन बघितलं आणि अदबीने विचारलं, "मावशी, मग मुलीची ती वरची ओळ खोडू का? 'माझी आय रडली नाय' ती?"

मावशीने वळून आमच्याकडे पाहिलं. आमच्याकडे म्हणजे तिच्याकडे. बराच वेळ पाहिलं, आणि या वेळी मुलीनेही मान खाली घातली नाही.

"खोडू नको," मावशी म्हणाली. "तिचं तिला राहू दे. खाली माझं लिव."